कमठा सरळ की वळणाचा?

धनुष्यबाण आपल्या ओळखीचा आहे, पण ती ओळख कथाकीर्तनातली. रामाच्या हातात तो असतो, अर्जुनाच्या हातात असतो, आणि एखाद्याने आवाक्याबाहेरचे काम अंगावर घेतले म्हणजे "त्याने शिवधनुष्य उचलले" असे आपण आजही सहज म्हणतो. पण खरेखुरे धनुष्य विकत घ्यायची वेळ आली, म्हणजे या ओळखीचा काडीइतका उपयोग होत नाही. दुकानदार विचारतो, "लाँगबो देऊ की रिकर्व्ह? ओढ किती पौंडांची?" आणि पालक मुलाच्या तोंडाकडे पाहतात, मूल पालकांच्या.

हा प्रसंग आता आपल्या भागात दुर्मिळ राहिलेला नाही. 2023 साली ऑगस्ट महिन्यात बर्लिन येथे जागतिक तिरंदाजी स्पर्धा झाली. तीत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जगज्जेता ठरला आणि साताऱ्याची अदिती स्वामी अवघ्या सतराव्या वर्षी महिलांत जगज्जेती झाली. अशा बातम्या कानावर आल्या म्हणजे पोरांचे हात शिवशिवणारच. त्या दोघांच्या हातचे धनुष्य कप्प्यांचे, म्हणजे कंपाउंड जातीचे होते, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. ते एक यंत्रच आहे, आणि त्याचा विचार आज आपल्याला करायचा नाही. आज विचार करायचा तो कप्पे नसलेल्या, साध्या, परंपरेच्या धनुष्याचा. त्याचे ठळक प्रकार दोन. एक सरळ आणि लांब, दुसरा टोकांना पुढे वळण दिलेला. पहिल्याला इंग्रजीत लाँगबो म्हणतात, दुसऱ्याला रिकर्व्ह. धनुष्याला आपल्याकडे कमठा हा जुना शब्द आहे, तिरकमठा या जोडशब्दातला. म्हणून एकाला सरळ कमठा म्हणू आणि दुसऱ्याला वळणाचा कमठा म्हणू.

आता समजा, वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगाव मेघे येथील दहाबारा मुलामुलींनी तिरंदाजी शिकायचे मनावर घेतले. घरोघरची वर्गणी गोळा झाली. रक्कम बेताचीच. या रकमेत कोणता कमठा आणावा? निवड चुकली तर नुसते पैसे जातात असे नाही. न झेपणारे धनुष्य ओढून मुलाचा खांदा दुखावतो, बाण भलतीकडे जातात, आणि "हे आपले काम नव्हे" असे म्हणून ते मूल धनुष्य खुंटीला टांगते. त्या मुलाच्या अंगात गुण होता की नव्हता, हे मग कोणालाच कळत नाही. म्हणून हा प्रश्न वरवर दिसतो तितका लहान नाही.

प्रथम दोहोंतला फरक डोळ्यांनी कसा ओळखावा ते सांगतो. दोरी चढवलेले धनुष्य समोर धरा. दोरी फक्त दोन टोकांच्या खाचांपाशी टेकलेली असेल आणि एकूण आकार अर्ध्या चंद्रासारखा दिसत असेल, तर तो सरळ कमठा. टोके नेमाच्या दिशेने पुढे वळलेली असतील आणि दोरी खाचेच्या अलीकडे दोन-तीन इंच त्या वळणावर पहुडलेली असेल, तर तो वळणाचा कमठा. सरळ कमठा साधारणपणे माणसाच्या उंचीचा, म्हणजे 66 ते 72 इंचांचा असतो. परंपरेच्या जातीतला वळणाचा कमठा 58 ते 64 इंचांत भागतो.

त्या वळणाने काय साधते? धनुष्य ओढताना आपण दर इंचाला जो जोर लावतो, तो धनुष्याच्या दोन्ही भुजांत जमा होत जातो. दोरी सोडली की त्या जमेचा मोठा भाग बाणाला मिळतो. आता दोन कमठे घ्या. दोन्ही पूर्ण ओढल्यावर तीस पौंडांचाच जोर मागतात. तरीही वळणाच्या कमठ्याचा बाण अधिक वेगाने जातो. असे का व्हावे? पहारीने दगड उचलताना आपण पहार टोकाशी धरतो, मध्ये धरत नाही. टोकाशी धरली की दगड हलका लागतो. वळणाच्या कमठ्यात सुरुवातीला दोरी वळणावर टेकलेली असते, म्हणून भुजा जणू आखूड असते आणि पहिले काही इंच चांगलेच कडक लागतात. ओढ वाढत जाते तशी दोरी वळणावरून उचलली जाते, भुजा जणू लांबते, आणि शेवटचे इंच सुसह्य होतात. म्हणजे सुरुवातीलाच जोर जास्त घातला गेला, आणि म्हणून शेवटच्या तीस पौंडांत फरक नसूनही एकूण जमा अधिक झाली.

सरळ कमठ्याचे याच्या उलट. तो आरंभी मऊ लागतो आणि ओढीच्या शेवटी एकदम जड होतो. धनुष्य जितके आखूड, तितका हा जडपणा लवकर जाणवतो, कारण दोरी आणि भुजा यांच्यातला कोन भराभर उघडत जातो. म्हणूनच सरळ कमठा लांब असावा लागतो. त्या लांबीचा दुसराही एक फायदा आहे. लांब धनुष्याच्या दोरीत बोटे चिमटत नाहीत, आणि हात जरासा हलला तरी धनुष्य ती चूक पोटात घालते. आखूड, चपळ धनुष्य तशी चूक बाणाबरोबर पार नेमापर्यंत पोचवते.

हे दोन आकार काही कोणा कारागिराच्या लहरीतून निघालेले नाहीत. ज्याने त्याने आपापल्या गरजेला दिलेली ती उत्तरे आहेत. पायी लढणाऱ्याला धनुष्य लांब असले तरी अडचण नव्हती. इंग्लंडच्या तिरंदाजांनी यू नावाच्या झाडाच्या लाकडाचे लांब सरळ धनुष्य वापरले. 1346 साली क्रेसी आणि 1415 साली अ‍ॅजिनकोर्ट या लढायांत त्याच धनुष्याने फ्रान्सच्या चिलखती घोडेस्वारांना हैराण केले. यूच्या लाकडात एक गंमत आहे. त्याचा आतला गाभा दाब सोसतो आणि सालीजवळचा पांढरा थर ताण सोसतो, म्हणून एकाच फाट्यातून उत्तम धनुष्य निघते. मध्य आशियाच्या माळरानावरच्या घोडेस्वाराला मात्र माणसाइतके लांब धनुष्य घोड्याच्या मानेवरून या बाजूचे त्या बाजूला नेता येईना. त्याला हवे होते आखूड पण जोरकस धनुष्य. त्याने मधे लाकूड, पोटाच्या बाजूला शिंग आणि पाठीवर स्नायूंचे तंतू असे सरसाने चिकटवून वळणाचे धनुष्य घडवले. असे एक धनुष्य पुरते सुकून तयार व्हायला महिनेच्या महिने लागत.

आपल्या देशात हे दोन्ही प्रकार होते. शिकंदराच्या स्वारीत आलेल्या निआर्कसच्या आधाराने अ‍ॅरियन या ग्रीक लेखकाने लिहून ठेवले आहे, की हिंदी पायदळाचे धनुष्य माणसाच्या उंचीएवढे असते आणि ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून ओढतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या प्रकरणात ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशा चार जातींच्या धनुष्यांची नोंद आहे. दोरीसाठी मोरवेल, रुई, ताग, वेळू आणि स्नायू ही नावे तिथेच सापडतात. शिंगाचे ते शार्ङ्ग. विष्णूच्या धनुष्याला शार्ङ्ग म्हणतात आणि विष्णूला शार्ङ्गधर, तो हाच शब्द. म्हणजे सरळ कमठा आपला आणि वळणाचा परका, किंवा सरळ मागासलेला आणि वळणाचा सुधारलेला, ही दोन्ही मते सारखीच लटकी आहेत.

शिंगाच्या धनुष्याचा एक शत्रू मात्र आपल्याकडे कायमचा होता, तो म्हणजे पावसाळा. सरस ओलीने मऊ पडतो आणि शिंग लाकडापासून सुटू लागते. याच कारणाने हिंदुस्थानात पोलादी धनुष्येही घडवली गेली. त्यांचा बाण शिंगाच्या धनुष्याइतका चपळ नसे, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून राहिली तरी ती ओलीने बिघडत नसत. हवामान हा धनुष्याच्या निवडीतला भागीदारच आहे, हे आपल्या पूर्वजांनी असे ओळखले होते.

रानावनातल्या माणसाने तर ते केव्हाच ओळखले. आपल्या आदिवासी समाजांचा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला कमठा म्हणजे मुख्यतः वेळूचा सरळ कमठा. भिल्लांच्या कमठ्याला दोरीसुद्धा वेळूच्याच सालीची असे. सरस नाही, शिंग नाही, त्यामुळे सुटून येण्यासारखे त्यात काही नाही. विदर्भाच्या जंगलात मानवेल ही बांबूची जात मुबलक आहे. ती बरीचशी भरीव असते. बांबूचे तंतू बाहेरच्या सालीकडे दाट आणि आत विरळ असतात. म्हणून कमठा करताना साल नेहमी नेमाच्या बाजूला ठेवतात. ताण सगळा त्या बाजूला पडतो आणि दाट तंतू तो सोसतात. यूच्या लाकडात इंग्लंडच्या कारागिराला जे सापडले, तेच आपल्या कारागिराला वेळूत सापडले आहे. शिकारीला आज कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण कमठा घडवण्याची विद्या त्या बंदीबरोबर बुडावी, असे काही कारण नाही.

आता वर्ध्याच्या हवेचा विचार करू. मे महिन्यात इथला पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि जुलै-ऑगस्टात भिंतींनाही ओल येते. आजकालचे वळणाचे कमठे लाकडाचे पातळ थर आणि फायबरग्लास यांचे, रासायनिक गोंदाने जोडलेले असतात. पावसाळ्याची त्यांना फारशी भीती नाही. भीती आहे ती उन्हाची. टिनाच्या छपराखाली किंवा बंद मोटारीत भर दुपारी असे धनुष्य ठेवले, तर सांध्याचा गोंद सैल पडून थर उकलू शकतात. दोरी चढवलेली असेल तर धोका आणखी वाढतो. वेळूच्या कमठ्याचे उलट आहे. ऊन त्याला तितके बाधत नाही, पण पावसाळ्यात तो ओल पितो आणि मऊ पडतो, म्हणजे बाण आखूड पडू लागतात. त्याला जवसाच्या तेलाचा हात वरचेवर द्यावा. जवस आपल्याच भागात पिकते, तेव्हा हा उपाय कोणालाही करता येईल. कमठा कोणताही असो, काम झाले की दोरी उतरवावी, आणि तो कोपऱ्यात उभा न करता आडवा ठेवावा. चढवलेल्या दोरीने वेळूचा कमठा हळूहळू तसाच वाकडा राहतो आणि मग त्याच्यात जीव उरत नाही.

धनुष्य बघताना लोक बाण विसरतात. सरळ कमठ्याच्या मुठीला बहुधा बाजूची खाच नसते, किंवा असली तर जुजबी असते. बाण मुठीच्या कडेने जातो, दोरी मात्र बरोबर मध्यातून येते. म्हणजे सुटताना बाणाला मुठीला वळसा घालावा लागतो. तो सापासारखा वळवळत मूठ ओलांडतो आणि पुढे सरळ होतो. बाण फार ताठ असेल तर तो मुठीवर आपटून एका बाजूला जातो, आणि फार लवचिक असेल तर दुसऱ्या बाजूला. वळणाच्या कमठ्याची मूठ बहुधा मध्यापर्यंत कापलेली असते, म्हणून बाण थोडा ताठ किंवा थोडा मऊ असला तरी निभावते. तेव्हा हिशेब असा आहे, की सरळ कमठा स्वतः स्वस्त आणि सोशिक, पण बाणांच्या बाबतीत चोखंदळ. वळणाचा कमठा महाग, पण बाणांच्या बाबतीत उदार. सरळ कमठ्यासाठी एकाच वजनाचे आणि एकाच लवचिकतेचे सहा बाण मिळणे हे एका उत्तम धनुष्याइतकेच मोलाचे आहे.

बाण हलकाही नको. पौंडामागे साधारण 10 ग्रेन हे जुने प्रमाण. पंचवीस पौंडांच्या धनुष्याला सोळा ग्रॅमच्या आसपासचा बाण घ्यावा. हलका बाण दोरीतली सगळी ताकद घेऊ शकत नाही, आणि उरलेली ताकद धनुष्यालाच तडे पाडते. बाण न लावता रिकामी दोरी सोडणे तर कोणत्याही धनुष्याला वर्ज्यच आहे.

त्या कापलेल्या मुठीचा आणखी एक परिणाम आहे. तसे धनुष्य एकतर उजव्या हाताने ओढणाऱ्याचे असते किंवा डाव्या हाताने ओढणाऱ्याचे. एकाचे दुसऱ्याला चालत नाही. वेळूचा साधा कमठा दोघांनाही चालतो. दहाबारा मुलांत दोनतीन कमठे फिरवायचे असतील, तर ही लहानशी सोय फार मोठी ठरते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे ओढीचे वजन. सरळ की वळणाचा, या वादात माणसे तासन् तास घालवतात आणि मग ओढ मात्र हौसेने निवडतात. चाळीस पौंडांचा कमठा ओढणारा मोठा आणि वीस पौंडांचा ओढणारा छोटा, अशी पोरांची समजूत असते, आणि खोटे कशाला बोला, मोठ्या माणसांचीही असते. या हौसेची किंमत हाडांना द्यावी लागते. इंग्लंडचे मेरी रोझ नावाचे लढाऊ जहाज 1545 साली बुडाले. त्याचा सांगाडा 1982 साली वर काढण्यात आला. त्यात दीडशेहून जास्त लांब धनुष्ये आणि साडेतीन हजारांच्या आसपास बाण मिळाले. त्या धनुष्यांची ओढ शंभर पौंडांच्या वर होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जहाजाबरोबर बुडालेल्या माणसांची हाडेही मिळाली. सामान्यपणे तरुण वयात सांधले जाणारे खांद्याच्या हाडाचे टोक त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत सुटेच राहिलेले आढळले. कोवळ्या वयापासून जड धनुष्ये ओढल्याचा हा परिणाम असावा, असे अभ्यासकांनी मत दिले आहे. त्या काळी राजाज्ञेने पोरांना धनुष्य ओढावे लागे. आपल्या पोरांवर तशी काही सक्ती नाही.

म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलाने 14 ते 18 पौंडांपासून सुरुवात करावी. मोठ्या मुलींनी व स्त्रियांनी 20 ते 25, आणि धडधाकट पुरुषानेसुद्धा 25 ते 30 पौंडांपासून. हे आकडे म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. खरी कसोटी अगदी सोपी आहे. धनुष्य पूर्ण ओढून, हात न थरथरता, मनात सावकाश दहा अंक मोजता आले पाहिजेत. आणि तिसावा बाण पहिल्या बाणाइतक्याच सहजतेने सुटला पाहिजे. हे जमत नसेल तर ते धनुष्य तुमचे नव्हे, मग ते सरळ असो की वळणाचे.

ओढीचे वजन समजून घेण्यात एक खोच आहे. धनुष्यावर लिहिलेले वजन बहुधा 28 इंच ओढीचे असते. तुमची ओढ किती, हे काढायला दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा आणि त्या आकड्याला अडीचने भागा. 165 सेंटिमीटर आले तर भागाकार 66 सेंटिमीटर, म्हणजे 26 इंच. अशा माणसाच्या हातात तीस पौंड लिहिलेले धनुष्य पंचवीस-सव्वीस पौंडांचेच राहते. बाण मात्र ओढीपेक्षा नेहमी इंच-दोन इंच लांब घ्यावा. आखूड बाण ओढताना मुठीच्या आत आला तर तो हातात घुसतो. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत हे दर सहा महिन्यांनी मोजून पाहावे.

पुढे जायचे असेल तर स्पर्धांचे नियमही आताच पाहून ठेवावे. आपल्या देशातील राष्ट्रीय व शालेय स्पर्धांत इंडियन राउंड नावाचा एक विभाग असतो. तो बांबूच्या किंवा लाकडाच्या साध्या देशी धनुष्याने खेळतात, आणि मोठ्यांसाठी त्याची अंतरे 50 व 30 मीटर असतात. ऑलिंपिकची गोष्ट निराळी. 1920 नंतर बंद पडलेली तिरंदाजी 1972 साली म्युनिक येथे ऑलिंपिकमध्ये परत आली, आणि तेव्हापासून तिथे वळणाचे धनुष्यच चालत आले आहे. त्यात आता धातूची मूठ, नेमदर्शक आणि तोल सांभाळणाऱ्या दांड्या असतात. अंतर 70 मीटर, आणि नेमाचे मधले दहा गुणांचे वर्तुळ अवघे 12.2 सेंटिमीटर व्यासाचे. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी कप्प्यांच्या धनुष्याची मिश्र सांघिक स्पर्धाही मंजूर झाली आहे. सरळ कमठ्याला मात्र तिथे वेगळा विभाग नाही. ज्याला त्या वाटेने जायचे आहे, त्याला आज ना उद्या वळणाचा कमठा हाती घ्यावाच लागेल.

पण याचा अर्थ सरळ कमठ्यावर घालवलेली वर्षे वाया गेली असा नाही. राजस्थानातल्या उदयपूर भागातल्या अहारी समाजाचा लिंबाराम बांबूच्या कमठ्यावर वाढला, आणि 1992 साली बीजिंग येथे त्याने 30 मीटर अंतराच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. झारखंडच्या दीपिका कुमारीनेही आरंभी घरगुती बांबूच्या धनुष्यावरच हात बसवला. आपल्या महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव, मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा, क्रीडा प्रबोधिनीत शिकून 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकला गेला. पाय कसे रोवावेत, खांदा वर न उचलता पाठीच्या जोराने कसे ओढावे, बोटे कशी अलगद सोडावीत, ही विद्या दोन्ही धनुष्यांत एकच आहे. ती अंगात मुरली, म्हणजे धनुष्य बदलल्याने जात नाही.

मग बोरगाव मेघ्याच्या त्या मुलांनी काय करावे? माझे मत स्पष्ट सांगतो. जमलेल्या वर्गणीतून हलक्या ओढीचे, लांब, सरळ असे दोनतीन कमठे प्रथम घ्यावेत. ते सोशिक आहेत, उजव्या-डाव्या दोघांना चालतात, बिघडले तर गावच्या जवळपास दुरुस्त होतात, आणि जड वाटले तर जाणकार कारागीर ते तासून हलके करून देतो. मात्र तासलेला कमठा पुन्हा जड होत नाही, म्हणून ते काम त्यालाच करू द्यावे. पहिल्या वर्षात कोण टिकते, कोणाच्या हातात स्थैर्य आहे, कोणाला स्पर्धेची ओढ आहे, हे आपोआप दिसून येईल. जी दोनचार मुले टिकतील, त्यांच्यासाठी मग वळणाचा कमठा घ्यावा, आणि तोही तीन भागांत सुटा होणारा. त्याची मूठ तीच ठेवून भुजा तेवढ्या बदलता येतात. मूल वाढले, ताकद वाढली, की सोळा पौंडांच्या भुजा काढून वीसच्या लावायच्या. वाढत्या मुलांच्या बाबतीत वळणाच्या धनुष्याचा हा गुण सरळ कमठ्यात नाही, आणि तो कबूल केला पाहिजे. त्याच्या भुजा पातळ असतात. गुडघ्याखाली दाबून दोरी चढवली तर त्या पिळतात, म्हणून दोन्ही टोकांत अडकवण्याची वेगळी दोरी मिळते तीच वापरावी.

ज्याला स्पर्धा नको, संध्याकाळी शेताच्या कडेला उभे राहून मन एकाग्र करायचे आहे, त्याने आयुष्यभर सरळ कमठा वापरला तरी काही कमी पडणार नाही. ज्याला पहिल्या दिवसापासूनच प्रशिक्षक लाभला आहे आणि ऑलिंपिकची वाटच धरायची आहे, त्याने थेट वळणाचा कमठा घेतला तरी चूक नाही. चूक एकच, ती म्हणजे दुसऱ्याच्या ताकदीचे धनुष्य आपल्या हातात घेणे. धनुष्य नेमाशी जुळण्याआधी ते ओढणाऱ्याच्या अंगाशी जुळले पाहिजे.

शेवटी दोन शब्द जागेविषयी. नेमामागे उंच मातीचा बांध असावा, आणि त्यापलीकडे पायवाट, गोठा किंवा वस्ती नसावी. पोत्यात जुन्या चिंध्या ठासून भरल्या की उत्तम नेम तयार होतो, आणि त्यात बाणही मोडत नाहीत. सर्वांनी एकाच रेषेत उभे राहून सोडावे, आणि सर्वांचे बाण सुटून कमठे खाली ठेवल्याशिवाय कोणीही बाण आणायला जाऊ नये. दर वेळी बाण हाताने किंचित वाकवून, कुठे चीर गेली आहे का, ते पाहावे. चीर गेलेला बाण मोडून टाकावा, राखून ठेवू नये. पहिले पंधरा दिवस दहा पावलांवरूनच सोडावे. दहा पावलांवर सहाही बाण एका ताटलीएवढ्या जागेत येऊ लागले, की मग अंतर वाढवावे.